जुन्या मारुती ८०० चं दार नीट उघडत-लागत नाही? डोअर लॉक घरच्या घरी असं दुरुस्त करा

घरात अजून मारुती ८०० असणारे बरेच जण आहेत आणि त्यातल्या कितीतरी गाड्यांचं एखादं दार फक्त आतून नाहीतर फक्त बाहेरून उघडतं. घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झालेली असते, आजी मागे बसल्या असतील तर कोणीतरी उतरून पळत जातं, बाहेरून दार उघडून देतं आणि चाललंय तसं वर्षानुवर्षं चालू राहतं. मला हे अजिबात पटत नाही, कारण अपघात झाला किंवा गाडीत धूर झाला तर तेच दार आतल्या माणसाला उघडता आलं पाहिजे.

पहिली ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये बनली, म्हणजे अगदी नवीनातली नवीन गाडी धरली तरी तिच्या दारातलं प्लॅस्टिक आणि ग्रीस दहा वर्षांहून जास्त ऊन-पाऊस खाऊन बसलंय. गॅरेजला गेलात की नवख्या माणसाला पटकन सांगितलं जातं "लॉक गेलंय, सेट टाकायला लागेल". पण मी स्वतः ही दारं उघडून बघितल्यावर सांगतो, बहुतेक वेळा लॉक गेलेलं नसतं. आतली एखादी क्लिप तुटलेली असते, रॉड निसटलेला असतो, नाहीतर ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं, म्हणून आधी उघडून बघा आणि मगच पार्ट आणा.

खाली मी ८०० धरून लिहिलंय, पण जुनी झेन, अल्टो, इंडिका यांच्या साध्या हँडलच्या दारात तत्त्व हेच आहे, स्क्रूच्या जागा थोड्याफार बदलतात. ओम्नीचं सरकतं दार मात्र वेगळं प्रकरण आहे, त्याला हे लावू नका.

काय काय लागेल

हत्यारं फार नाहीत. फुलीचे दोन स्क्रू ड्रायव्हर (एक नेहमीचा दोन नंबर आणि एक मोठा तीन नंबर, हा तीन नंबर विसरू नका), एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, नोज प्लायर, दहाचा पाना किंवा बॉक्स, टॉर्च, जुना टूथब्रश, चिंध्या. डब्ल्यूडी-४० किंवा तसा कुठलाही गंज सोडवणारा स्प्रे, पांढरं लिथियम ग्रीस, थोडी ग्रॅफाइट पावडर. चांगले ग्लोव्हज घ्याच, कारण दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि आत हात घातल्यावर मनगट कापलं की काम तिथेच थांबतं. लॉकचे स्क्रू गंजलेले असतील तर इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो, हातोडी मारली की फिरतो तो, विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासभर मागून आणा.

कागद कशाला असं वाटेल, पण पार्ट घ्यायला जाताना आरसीची झेरॉक्स किंवा डिजिलॉकरमधली आरसी जवळ ठेवा, कारण दुकानदार मॉडेलचं वर्ष विचारतो, कधी चॅसिस नंबरही विचारतो आणि अंदाजाने सांगितलं की चुकीचा पार्ट हातात येतो. किल्लीवाल्याकडे जायचं असेल तर आरसीबरोबर स्वतःचं ओळखपत्रही न्या. जो किल्लीवाला काहीच न विचारता किल्ली बनवून देतो त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

१. आधी रोग ओळखा, पॅड (दाराच्या आतल्या बाजूचं आवरण) नंतर काढा

या स्टेपला पुरेसा वेळ द्या. इथे नीट बघितलं तर पुढचं अर्धं काम वाचतं.

बाहेरचं हँडल ओढलं की सैल लागतं, काहीच अडत नाही, पण आतून दार उघडतं? मग लॉक ठीक आहे, बाहेरच्या हँडलचा रॉड सुटलाय किंवा हँडलची मागची दांडी तुटली आहे. उलट, बाहेरून उघडतं आणि आतून नाही, तर आतल्या हँडलकडून येणारा लांब रॉड निसटलाय किंवा हँडलचं प्लॅस्टिक गेलंय. पण मागचं दार असेल तर थांबा, आधी चाइल्ड लॉक बघा. दार उघडून लॉकच्या बाजूला कडेवर बघा, एक छोटी कळ असते, कार वॉशवाल्याचा हात लागून किंवा मुलांच्या खेळण्यात ती सरकते आणि लोक दार खोलून बसतात. ज्या गाडीच्या मागच्या दाराला ही कळ आहे तिथे सगळ्यात पहिलं हेच तपासायचं.

दोन्हीकडून उघडत नाही म्हणजे लॉकच जाम आहे किंवा लॉक करायची गोटी खाली अडकली आहे. दार लागतच नाही, आपटलं की परत उघडतं, तर लॉकचा जबडा किंवा त्याला धरणारा खटका वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटलाय, नाहीतर खांबावरचा स्ट्रायकर (दार लागताना जबडा ज्याला पकडतो तो लोखंडी भाग) सरकलाय. आणि किल्ली गोल गोल फिरते पण काही होत नाही, तर किल्लीच्या सिलिंडरच्या मागची क्लिप गेली.

गाडीला नंतर बाहेरून सेंट्रल लॉक बसवलं असेल तर अजून एक शक्यता धरा. त्या मोटरचा रॉड लॉकच्या रॉडला छोट्या क्लॅम्पने जोडलेला असतो आणि मोटरचा गिअर अडकला की गोटी हाताने सुद्धा हलत नाही, मग माणूस लॉकला दोष देत बसतो. दार खोलल्यावर तो क्लॅम्प सैल करून बघा, गोटी मोकळी झाली तर दुखणं मोटरचं आहे.

२. दार बंद अवस्थेतच अडकलं असेल तर

घाबरू नका आणि हँडल जोरात हिसडू नका, प्लॅस्टिकचं हँडल तुटलं की अजून एक खर्च. दोन माणसं घ्या. एकाने बाहेरून दार तळहाताने आत दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने आतलं हँडल ओढायचं. जुन्या गाडीत दाराचं रबर आणि स्ट्रायकर मिळून लॉकवर ताण ठेवतात, दार आत दाबलं की तो ताण जातो आणि कोरडा पडलेला खटका बऱ्याचदा सुटतो. नाही सुटलं तर दाराच्या कडेच्या फटीतून स्प्रेची नळी लॉकच्या उंचीवर घालून मारा, अर्धा तास थांबा, परत करा.

तरीही नाही उघडलं तर पॅड दार बंद ठेवूनच काढावं लागेल. ते जमतं, फक्त आत बसून वाकडंतिकडं होऊन करावं लागतं, सीट पूर्ण मागे घ्या. पॅड निघालं की पत्र्याच्या भोकातून हात घालून लॉकवरची ती दांडी थेट बोटाने ढकलायची जी हँडलचा रॉड ढकलतो.

३. काचेचं हँडल आणि पॅड

काच पूर्ण वर घ्या, म्हणजे दाराच्या पोटात हात घालायला जागा मिळते. काच वरखाली करायचं हँडल कुठल्या कोनात उभं आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पॉवर विंडो किंवा दारात स्पीकर असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

काचेच्या हँडलला बाहेरून स्क्रू दिसत नाही, मागे एक तारेची क्लिप असते. हँडलच्या मागची प्लॅस्टिकची चकती पॅडकडे दाबा, फटीत एक चिंधी घाला आणि चिंधीची दोन्ही टोकं धरून करवत चालवल्यासारखी पुढेमागे ओढा, क्लिप चिंधीत अडकून बाहेर येते. येते म्हणजे उडते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला तरी वर हात आडवा धरायला सांगा, सीटखाली गेली की सापडत नाही. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, चकती आणि पॅडचं रेक्झिन दोन्ही फाटतं.

मग हात धरायच्या हँडलचे स्क्रू काढा (काही गाड्यांत वर छोटी टोपी असते), आतल्या हँडलभोवतीची फ्रेम काढा, लॉकची गोटी फिरवून काढता येत असेल तर तीही. आता पॅड खालच्या कोपऱ्यापासून सोडवायला घ्या. पॅड आतून हार्डबोर्डचं असतं आणि प्लॅस्टिकच्या बटणांनी पत्र्यात दाबलेलं असतं. बटणाच्या अगदी शेजारी लाकडी पट्टी किंवा चपटं काहीतरी घालून उचला, बटणापासून लांब उचललं तर हार्डबोर्ड फाटतो आणि बटण तिथेच राहतं. कोकणातली किंवा मुंबईची गाडी असेल तर खालचा हार्डबोर्ड पावसाने फुगून भुसा झालेला असणार, तिथे फारच हळू. खालची आणि बाजूची सगळी बटणं सुटली की पॅड वर उचलून काचेच्या रबरातून मोकळं करायचं.

४. आतलं पॉलिथिन फेकू नका

पॅडच्या मागे पत्र्याला काळ्या डिंकाने चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद दिसेल. बरेच मेकॅनिक तो टरकावून फेकतात आणि माझ्या मते जुन्या गाड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. काचेवरून पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतच असतं, ते खालच्या भोकांतून बाहेर जावं अशीच रचना आहे, आणि हा कागद ते पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. कागद गेला की पॅड भिजतं, मॅटखाली ओल राहते, मग फ्लोअरचा पत्रा सडतो. हळूहळू सोलून काढा, डिंक तसाच राहू द्या, फाटलाच असेल तर जाड पॉलिथिन त्याच मापात कापून लावा.

आत्ताच दाराच्या तळाची पाणी जायची भोकंही तारेने मोकळी करून घ्या, चिखलाने बुजलेली असतात.

५. रॉड आणि क्लिपा: दोष बहुतेक इथेच सापडतो

टॉर्च लावून आत बघा. लॉकपासून वेगवेगळ्या दिशांना बारीक लोखंडी रॉड गेलेले दिसतील, बाहेरच्या हँडलचा, आतल्या हँडलचा, लॉक करायच्या गोटीचा किंवा कळीचा, आणि पुढच्या दाराला किल्लीच्या सिलिंडरचा. कोणाला तरी एक एक हँडल हलवायला सांगा आणि कुठला रॉड हलतो, कुठला नुसताच लोंबतोय ते बघा. काहीही काढायच्या आधी तीन-चार कोनांतून फोटो, हे अगदी आग्रहाने सांगतो, कारण जोडताना रॉड कुठल्या भोकात आणि कुठल्या बाजूने होता हे आठवत नाही.

प्रत्येक रॉडचं वाकवलेलं टोक एका प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये बसतं. नखाएवढी असते ती, एक बाजू दांडीच्या भोकात दाबलेली आणि दुसरीकडे एक छोटा हात, जो रॉडवर फिरून टक्क करून बसतो. नवीन असताना हा हात लवचिक असतो, पंधरा-वीस वर्षांनी प्लॅस्टिक पिवळट पडतं आणि बोटाने दाबलं की चक्क कुस्करतं. हात तुटला की रॉड काही दिवस नुसत्या वजनावर टिकतो आणि मग एका खड्ड्यात निसटतो. म्हणूनच लोक सांगतात "काल संध्याकाळपर्यंत उघडत होतं".

क्लिप काढताना रॉड ओढायचा नाही, आधी तो छोटा हात रॉडवरून फिरवून सोडवायचा आणि मग रॉड भोकातून काढायचा. क्लिपांत डावी-उजवी असते आणि रॉडच्या जाडीप्रमाणे मापं असतात, जुनी क्लिप, तुटकी का होईना, दुकानात घेऊन जा. चहा-वडापावच्या पैशात मिळते, तेव्हा एक तुटली असेल तरी त्या दाराच्या सगळ्याच बदला, बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत.

क्लिप लगेच मिळत नसेल तर बाइंडिंग तारेने रॉड बांधून गाडी घरापर्यंत आणायला हरकत नाही, पण तेवढंच. तार रॉडला घासते आणि आठवड्याभरात ढिली होते.

रॉड वाकलेला असेल तर पक्कडीने सरळ करता येतो, पण मूळचे जे बाक असतात ते सरळ करून टाकू नका, शेजारच्या दाराचा रॉड बघून तुलना करा.

६. लॉक बाहेर काढणं

रॉड सगळे ठीक आहेत आणि तरी जबडा फिरत नाही किंवा खटका परत येत नाही, तेव्हाच लॉक काढा. दाराच्या कडेला, जबड्याभोवती फुलीचे तीन स्क्रू दिसतील. हे फार घट्ट असतात. दोन नंबरच्या ड्रायव्हरने जोर लावला की फुली गोल होते आणि मग ड्रिल मारण्याशिवाय उपाय राहत नाही. आधी स्प्रे मारून अर्धा तास सोडा, फुलीतली माती टोकदार काहीतरी घेऊन साफ करा, तीन नंबरचा ड्रायव्हर लावून मागून हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या आणि मग अंगाचा भार पुढे देऊन फिरवा. नाहीच फिरला तर इम्पॅक्ट ड्रायव्हर.

तिन्ही स्क्रू निघाले की लॉक आत मोकळं होतं, सगळे रॉड सोडवून ते मोठ्या भोकातून बाहेर घ्या. काच ज्यात सरकते ती पट्टी आडवी येत असेल तर लॉक थोडं तिरकं फिरवा, जबरदस्ती नको.

आता वर्तमानपत्रावर ठेवून बघा. जुनं ग्रीस आणि धूळ मिळून काळा थर झालेला असतो, त्यात खटक्याची स्प्रिंग सुद्धा हलू शकत नाही. डिझेल किंवा रॉकेल मिळालं तर त्यात टूथब्रशने घासून धुवा (पेट्रोल वापरू नका, घरात तर नाहीच), चिंधीने कोरडं करा आणि जबडा बोटाने नको, स्क्रू ड्रायव्हरने ढकलून बघा. दोन वेळा टक्-टक् आवाज आला पाहिजे, पहिला अर्धा लॉक, दुसरा पूर्ण. मग दांडी दाबली की जबडा झटकन उघडला पाहिजे, रेंगाळत नको.

तसं होत असेल तर फिरणाऱ्या जागांवर लिथियम ग्रीस लावा आणि झालं. नुसता डब्ल्यूडी-४० मारून दार बंद करू नका, तो गंज सोडवतो पण टिकत नाही, काही दिवसांत परत कोरडं. खोबरेल तेल, इंजिन ऑइल वगैरेही नको, धूळ धरतं.

स्प्रिंग तुटली असेल, खटक्याचा दात झिजून गोल झाला असेल किंवा रिव्हेट हलत असतील तर लॉक बदला. इथे कुठलाही जुगाड करू नका, घरची स्प्रिंग नको, वेल्डिंग नको. चालत्या गाडीत दार बंद धरून ठेवणारी एकच वस्तू म्हणजे हा खटका आणि मागे लेकरं बसतात.

नवीन घेताना पुढचं-मागचं, डावं-उजवं वेगळं असतं, ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड नीट सांगा आणि जुनं लॉक हातात घेऊन जा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, अशा ठिकाणी जुन्या गाड्यांचं सामान बघायला मिळतं. भंगारातल्या गाडीचं काढलेलं ओरिजिनल लॉक चांगलं असेल तर मी ते हलक्या लोकल मालापेक्षा पसंत करेन, फक्त दुकानातच स्क्रू ड्रायव्हर मागून ती दोन टक्-टकची टेस्ट करून घ्या.

७. किल्लीचा भाग

किल्ली अडकत असेल तर आधी डुप्लिकेट किल्लीने बघा, रोजची किल्ली झिजलेली असते आणि दोष सिलिंडरला जातो. सिलिंडरमध्ये तेल किंवा ग्रीस कधीच घालू नका, आतल्या बारीक पत्त्या चिकटतात. ग्रॅफाइट पावडर फुंका, नाहीतर पेन्सिल किल्लीच्या खाचांवर चांगली घासा आणि किल्ली दहा-पंधरा वेळा आतबाहेर करा.

सिलिंडर बदलायचाच झाला तर एका दाराला वेगळी किल्ली होते. चांगला किल्लीवाला नवीन सिलिंडरच्या पत्त्या बदलून जुन्याच किल्लीला जुळवून देतो, पूर्ण सेट घ्यायच्या आधी त्याला विचारा.

८. दार उघडं ठेवूनच टेस्ट करा

नवखा माणूस हमखास इथे फसतो. सगळं जोडलं की उत्साहात दार धाडकन लावलं जातं, एखादा रॉड नीट बसलेला नसतो आणि दार दोन्हीकडून बंद होऊन बसतं.

म्हणून दार उघडंच ठेवा, स्क्रू ड्रायव्हरने जबडा ढकलून दोन्ही टक्-टक् पूर्ण करा आणि बाहेरचं हँडल ओढा, जबडा उघडला पाहिजे. परत बंद करा, आतलं हँडल. परत बंद करा, गोटी खाली दाबा, आता बाहेरच्या हँडलने उघडता कामा नये. किल्लीने उघडा. मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर लावून आणि काढून दोन्ही. प्रत्येक गोष्ट चार-पाच वेळा करा. मग काचेचं हँडल नुसतं हाताने बसवून काच खाली घ्या आणि पॅड न लावता दार पहिल्यांदा हळू लावा. काच खाली असली की बाहेरून आत हात घालता येतो.

९. दार आपटावं लागतंय? स्ट्रायकर बघा

लॉक छान चालतंय पण दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही, तर आधी दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचलून बघा. खळखळ हलत असेल तर बिजागरी झिजली आहे, तिथे स्ट्रायकर सरकवून उपयोग नाही, दार अजून लोंबत जाईल आणि तुम्ही मागे मागे सरकवत राहाल. बिजागरी घट्ट असेल तर स्ट्रायकरभोवती पेन्सिलने रेघ मारा, त्याचे स्क्रू पूर्ण न काढता नुसते ढिले करा आणि मिलिमीटरभरच सरकवून परत लावून बघा. दार लागताना किंचित वर उचललं जात असेल तर स्ट्रायकर उंच आहे, खाली बसत असेल तर कमी आहे. दार शेजारच्या पत्र्याच्या लेव्हलला आलं की कसून घट्ट करा.

१०. परत जोडताना

पॉलिथिन डिंकावर दाबून बसवा, थंडीत डिंक कडक असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा. पॅड आधी वर काचेच्या रबरात अडकवा, मग बटणं भोकांसमोर आणून तळहाताने ठोका. तुटलेली बटणं नवीन घाला, नाहीतर पॅड खडखडत राहतं. काचेच्या हँडलला क्लिप आधीच बसवून घ्या, फोटोतल्या कोनात धरा आणि तळहाताने एक ठोका द्या, टक्क करून बसतं.

एकदा एक दार झालं की बाकीच्या दारांना निदान जबड्यावर आणि बिजागऱ्यांना ग्रीस द्या, त्यासाठी पॅड काढावं लागत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, एवढं केलं तरी पुरतं. पंधरा वर्षं झालेली गाडी रिपासिंगला न्यायची असेल तर त्याच्या आधीच्या रविवारी सगळी दारं आतून-बाहेरून तपासून घ्या, म्हणजे क्लिप आणायची वेळ आली तर हातात दिवस राहतात.

गॅरेजला कधी द्यायचं? बंद दार पॅड काढूनही उघडत नसेल, स्क्रूची फुली गोल झाली असेल किंवा बिजागरीच गेली असेल, तेव्हा. देताना मात्र स्वतः उभे राहा, जुना पार्ट परत मागा आणि पॉलिथिन लावल्याशिवाय पॅड बसवू देऊ नका.